वजीराचं खळं

वजीरा मुकादम मस्कतला येऊन अठ्ठावीस वर्षं झाली, पण या देशात तिच्या नावावर काही नाही. फ्लॅट भाड्याचा, व्हिसा नवऱ्याच्या कामावरचा, आणि गाडीच्या परवान्याची परीक्षा दोनदा नापास होऊन तिने सोडून दिलेली. तरी अल मवालेहला, भाजीबाजाराच्या मागच्या मोकळ्या जागेत, तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असा एक जमिनीचा तुकडा सतरा वर्षं तिच्या नावाने ओळखला जायचा. लांबून आलेला नवा माणूस बाजारात विचारायचा, "कबड्डी कुठे चालते?" आणि कुणीही हमाल कांद्याचं पोतं पाठीवरून न उतरवता मानेनेच दाखवायचा, "ते काय, वजीराचं खळं."

वजीरा दाभोळ खाडीच्या काठच्या गावची. तिच्या माहेरी पाऊस सरला की घरापुढचं खळं नव्याने करायचं काम बायकांचं. पावसाने उखणलेली जमीन खणायची, दगड वेचायचे, पाणी मारून मुरू द्यायचं आणि मग चोपण्याने ठोकत ठोकत एका ओळीत मागे सरकायचं. चोपणं म्हणजे हातभर लांबीची, खालून सपाट केलेली जड फळी, मूठ जरा बाक दिलेली. वजीराच्या आईच्या खळ्यावर तांदूळ सांडले तर खडा न लागता उचलता येत. वजीरा आठव्या वर्षापासून आईच्या शेजारी उकिडवी बसून चोपत होती. लग्नानंतर मस्कतला आली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गुळगुळीत फरशीवर उभी राहून तिने मनाशी म्हटलं, ही विद्या आता गेली.

नवरा महमूद बाजारात कांदे, बटाटे आणि नारळाचा घाऊक व्यापारी. त्याच्या आणि आजूबाजूच्या गाळ्यांवरची पोरं सगळी कोकणातली. खेडची, महाडची, गुहागरची, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. दोन हजार सात साली त्यांनी खाडीपट्टा कबड्डी संघ काढला. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज आणि जेवण झालं की बाजारामागे खेळायची. एका शुक्रवारी महमूद मुलाला, सात वर्षांच्या झैनला, बघायला घेऊन गेला. पोरगा परत आला तो दोन्ही कोपरं सोलवटून.

वजीरा तणतणत मैदानावर गेली. पोरांना दोन शब्द ऐकवायचे होते, पण जमिनीवर नजर गेली आणि ती खालीच बसली. मूठभर उचलून तिने बोटांतून सोडलं.

"ही जमीन नाय, किसणी हाय," ती म्हणाली. "यावर माणसं पाडता? अरे, कोकणातले ना तुम्ही? खळा करता येत नाय?"

तिच्या गावच्या बोलीत ते खळा असतं, आणि घाईत बोलली की नुसतं खला. संघातला सगळ्यात तगडा चढाईपटू भिकाजी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. तो म्हणाला, "करता येतं चाची, पण आमच्याकडे ते आई करते."

"मग आई इथे हाय का?"

"नाय."

"मग गप फावडं आण."

पहिल्या वर्षी तिने आईसारखंच केलं आणि वरून शेणाचा हात फिरवला. खळं दिसायला असं झालं की पोरांनी त्याचे फोटो गावी पाठवले. भिकाजी पहिल्याच चढाईला धावत आला, मध्यरेषेवरून घसरला आणि थेट मागच्या टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटांत जाऊन बसला. तेव्हा वजीराला कळलं की भात वाळवायचं खळं वेगळं आणि माणसं पाडायचं वेगळं. दुसऱ्या वर्षापासून तिने खालचा थर चोपून दगडासारखा केला आणि वर दोन बोटं चाळलेली माती, सुताराकडचा भुसा मिसळून, मोकळी ठेवली. गडी पडला तर कातडं शाबूत राहायचं आणि पाय रोवला तर रुतायचा नाही. सात चोपणी तिने एका बंगाली सुताराकडून पॅकिंगच्या लाकडाची करून घेतली. दोन त्याने बॅटसारखी केली होती. ती परत पाठवली.

महमूदला हे सुरुवातीला अवघड गेलं. बायको वीस पुरुषांना ओरडून कामाला लावते आहे हे त्याला दिसत होतं आणि दिसायला नको होतं. पहिल्या वर्षी त्याने पिकअप रस्त्याकडे तोंड करून लावली आणि आत बसून राहिला. तिसऱ्या वर्षी पिकअपचं तोंड मैदानाकडे वळलं. सहाव्या वर्षी तो थर्मासमधून चहा घेऊन खाली उतरला. भिकाजी म्हणाला, "मुकादम आडनाव चाचाचं, मुकादमी चाचीची." महमूदसुद्धा हसला.

असं सतरा वर्षं चाललं. दरवर्षी उन्हाळ्यात जमीन भाजून तडकायची आणि ऑक्टोबरात, उकाडा जरा कमी झाला की, वजीरा सगळ्यांना बोलवायची. खळं झालं की हंगाम सुरू.

दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात घाऊक बाजार मवालेहहून उठला आणि बरकाच्या पलीकडे खजाएनला गेला. महमूदचा गाळाही गेला. तो पहाटे चाळीस किलोमीटर जायला लागला. हमाल, ड्रायव्हर, कोल्ड स्टोरेजची पोरं तिकडच्याच कामगारांच्या कॅम्पांत राहायला गेली. सप्टेंबरच्या शेवटी जमिनीचा मालक आला. त्याला सगळे अर्बाब म्हणत. भला माणूस, इतकी वर्षं त्याने जागा नुसती वापरू दिली होती. आता तिथे फ्लॅट बांधणार होता. "डिसेंबरपर्यंत खेळा," तो म्हणाला, "मग खलास, इन्शाल्ला."

त्यानंतर आठ दिवसांनी महमूदचा पुतण्या ताबिश एका पाहुण्याला घेऊन घरी आला. ताबिश संघाचा सेक्रेटरी. वाढला मस्कतलाच, त्यामुळे त्याचं मराठी दर तिसऱ्या शब्दाला अडायचं. पाहुणे होते बाळकृष्ण, रुवीतल्या सह्याद्री संघाचे प्रमुख. एका बांधकाम कंपनीत सुपरवायझर, पन्नाशीचे, शांत बोलणारे. वजीरा चहा घेऊन आली तेव्हा ते महमूदला समजावत होते.

"मुकादमसाहेब, या शहरात आपले मराठी संघ सहा. रुवीची मोकळी जागा पार्किंगला गेली, वादी कबीरला शेड झाली. प्रत्येक संघाकडे मोजून आठ-नऊ गडी. स्पर्धेच्या आदल्या दिवशी आम्ही एकमेकांची माणसं पळवतो. हे काय चाललंय? मी कल्चरल हॉल घेतलाय, शुक्रवारचे चार तास. मॅट आहेत. सगळ्यांनी एक व्हा, एक नाव घ्या. भारतातून कोच बोलावता येईल."

"नाव काय?" महमूदने विचारलं.

"मस्कत महाराष्ट्र. कुणाचंच नाही, म्हणून सगळ्यांचं."

ताबिश म्हणाला, "चाचू, practically हेच best आहे. नाहीतर बरका. आणि बरकाला कोण जाणार? मी नाही जाऊ शकत, झैन नाही जाऊ शकत."

झैन सोफ्यावर मोबाइल बघत बसला होता. आता तो चोवीस वर्षांचा, रुवीत एका विमा कचेरीत नोकरीला, आणि संघाचा पहिल्या क्रमांकाचा चढाईपटू. त्याने मान वर केली नाही.

"मॅटवर बूट घालतात ना?" वजीराने विचारलं.

"घालतात, वहिनी."

"म्हणजे खळा नको."

बाळकृष्णांनी कप खाली ठेवला. "नको," ते म्हणाले. त्यांनी खोटं सांगितलं नाही, हे वजीराला आवडलं आणि लागलंही.

पाहुणे गेल्यावर तिने ताबिशला विचारलं, "ठरलंय का?"

"जवळजवळ. कमिटी बोलेल. You know, formal."

"ठरलं नाय तवर खळा होणार. डिसेंबरपर्यंत अर्बाब खेळा म्हणालाय. ऑक्टोबर लागलाय."

"चाची, दोन महिन्यांसाठी?"

"एका दिवसासाठी पण जमीन फुटकी ठेवू नये," वजीरा म्हणाली, आणि कप उचलून आत गेली. स्वयंपाकघरात ती बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. सहा संघांचा हिशोब तिला समजत होता. बाळकृष्णांचं एकही वाक्य चूक नव्हतं. पण या देशात तिच्या हाताने झालेली, घराच्या भिंतीबाहेरची ती एकच गोष्ट होती, आणि संघ एक झाला की ती पुन्हा कधीच होणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने संघाच्या ग्रुपवर निरोप टाकला. बोलून पाठवायला तिला बंदी होती. तिचे निरोप चार-चार मिनिटांचे व्हायचे म्हणून ताबिशनेच घातली होती. फोनवर मराठी अक्षरं नव्हती, म्हणून ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. तिने लिहिलं, या जुम्म्याला चार वाजता खल्यास, सगळ्यांनी यावं. खल्यास म्हणजे खळ्यावर. पण तिच्या फोनला तिचा हात ठाऊक होता. गॅसवाला, दुधवाला, प्लंबर, सगळ्यांना ती दिवसातून तीनदा खलास लिहायची. फोनने मधला वाय गिळला आणि निरोप गेला: "या जुम्म्याला चार वाजता खलास. सगळ्यांनी यावं."

ताबिशने तो वाचला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. चाचीने स्वतःच सांगून टाकलं, आता वाद नाही. त्याने निरोप जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर टाकला, बाळकृष्णांना पाठवला, खाली रडणारे चार चेहरे जोडले. निरोप सोहारला, दुक्मला, जिथे जिथे जुनी पोरं कामाला होती तिथे पोचला. वजीराच्या फोनवर उत्तरं यायला लागली. दरवर्षी नुसता अंगठा यायचा. यंदा हात जोडलेले, रडणारे, तुटलेली हृदयं.

"यंदा पोरं रडतायत," तिने महमूदला दाखवलं. "कामाची इतकी भीती?"

शुक्रवारी साडेतीनला ती मैदानावर पोचली. निळं पिंप भरलेलं, चोपणी ओळीने मांडलेली, चाळण झाडाला टेकवलेली. गेल्या वर्षी अकराजण आले होते. यंदा दहा आले तरी पुरे, असा तिचा हिशोब. पदर खोचून तिने पहिली कुदळ मारली तोच एक गाडी आली. मग दुसरी. मग सोहारहून अॅल्युमिनियमच्या कारखान्यातल्या चौघांची गाडी, चौघेही इस्त्रीच्या शर्टांत. मग एक पिकअप, तिच्या मागच्या हौद्यात सात जण. चार वाजेपर्यंत रस्त्याच्या कडेला जागा उरली नाही. पोटं सुटलेली, केस गेलेली माणसं उतरत होती, एकमेकांना मिठ्या मारत होती आणि हळू आवाजात बोलत होती. कुणीतरी पेढ्यांचा डबा आणला होता आणि तो उघडावा की नाही, या विचारात धरून उभा होता. बाळकृष्ण आले, त्यांच्या हातात नव्या जर्सीचा खोका.

शेवटी एका सिमेंटच्या ट्रेलरमधून भिकाजी उतरला. दुक्मला रिफायनरीच्या कामावर असतो. साडेपाचशे किलोमीटर आला होता, गुडघ्याला पट्टा बांधलेला. सरळ वजीरापुढे येऊन उभा राहिला.

"चाची, खलास ना?"

"हो रे. खल्यासच बोलवलंय. पण तू कशाला इतक्या लांबून?"

"न येऊन कसं चालेल? शेवटचं आहे."

"शेवटचं कसं? दरवर्षी करतो ना."

भिकाजीने तिच्या हातातल्या कुदळीकडे बघितलं. मग पिंपाकडे, मग चोपण्यांकडे. "चाची," तो सावकाश म्हणाला, "तुम्ही नक्की काय लिहिलं होतं?"

तिने फोन काढून दाखवला. भिकाजीने वाचला, पुन्हा वाचला, आणि खालीच बसून हसायला लागला. त्याला बोलता येईना. त्याने फोन सोहारवाल्यांना दिला. तिथून हसू पसरत गेलं. दोन मिनिटांत त्रेसष्ट माणसं पोट धरून उभी होती आणि मधोमध ताबिश कान लाल करून सांगत होता, "पण तिथे वाय नाहीये! मी काय करू? वाय नाहीये!"

वजीराला कळलं तेव्हा तिला हसू आलं नाही. तिने एकेक चेहरा बघितला. यातल्या निम्म्यांना तिने दहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"भिकाजी," ती म्हणाली, "तुला वाटलं संघ मोडतोय, म्हणून आलास?"

"हो चाची. गुडघे गेले, खेळायला काय येणार मी. म्हटलं मोडायचं असेल तर मोडताना हजर राहावं."

"अस्सं. मोडायला त्रेसष्ट आणि चोपायला अकरा."

हसणं थांबलं.

"गेल्या साली मी आणि अकरा जणांनी तीन जुम्मे घातले या जमिनीत. तेव्हा सोहारहून रस्ता नव्हता का रे? नवा झालाय?" सोहारवाल्यांनी माना खाली घातल्या. "आता आलाच आहात, तर शर्ट काढा. आधी खळा. मग काय मोडायचं ते मोडू."

त्यांनी इस्त्रीचे शर्ट काढून कुंपणाला टांगले. बाळकृष्णांनी जर्सीचा खोका गाडीत ठेवला आणि पँटच्या घड्या वर केल्या. हे वजीराने तिरक्या नजरेने टिपलं. दरवर्षी तीन शुक्रवार लागायचे ते काम दीड तासात झालं. चोपणी सातच होती, म्हणून पाळ्या लागल्या. ज्याची पाळी नव्हती तो दगड वेचत होता, आणि पेढेवाल्याने डबा उघडलाच. वजीरा मागून फिरत होती. "हात उंच नको. वरून आपटू नको, बसव. माती बसवायची असते." सूर्य बाजाराच्या रिकाम्या शेडमागे गेला तेव्हा खळं पाण्याने काळं आणि सपाट, एका रंगाचं पडलेलं होतं. कुणीच त्यावर पाय ठेवीना.

सगळे कडेने बसले. बाळकृष्ण उभे राहिले आणि महमूदच्या घरी सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, तितकंच नीट. सहा संघ, जागा नाही, माणसं नाहीत. "आजचं बघून मलाही भरून आलं," ते म्हणाले, "पण वहिनी, पुढच्या शुक्रवारी यातले किती असतील?"

"दहा," वजीरा म्हणाली. "तुमचं खरं हाय, बाळकृष्णभाऊ. शहरात सहा संघ नकोत. एक बस्स झाला. तुम्ही पाच संघांनी एक व्हावं."

"पाच? आणि तुम्ही?"

"आम्ही शहरात राहिलोच नाय. बाजार गेला तेव्हाच आम्ही गेलो. आम्हालाच कळलं नव्हतं." ती वळली. पिकअपच्या हौद्यातून आलेल्यांत एक अनोळखी पोरगा होता, पंचवीस-सव्वीसचा. चोपताना त्याने एकदाही हात उंच नेला नव्हता. "तू कुणाचा रे?"

"आशुतोष, चाची. पोलादपूरचा. खजाएनला कोल्ड स्टोरेजमध्ये आहे. चाचांच्या गाळ्यावरचे येत होते, म्हणून बसलो गाडीत."

"तिकडे शुक्रवारी काय करता?"

"झोपतो."

"मग?"

"उठतो. मग परत झोपतो." पोरं हसली. "खरंच चाची. जायला काही नाही. कॅम्प, ट्रक आणि कुत्री."

"मराठी किती?"

"आमच्या एका कॅम्पात चाळीस."

वजीराने बाळकृष्णांकडे बघितलं. "सतरा सालांमागे इथेपण हेच होतं. ट्रक आणि कुत्री. हा संघ त्यांच्यासाठी काढला होता, हॉलसाठी नाय. पोरं जिथे हायत तिथे संघ पायजे. आम्ही बरकाला जातो."

"अम्मी," झैन म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदाच. "मला नाय जमणार. शनिवारी सकाळी परत ड्यूटी असते, तुला माहितीय. रुवीहून बरका, परत रुवी..."

सगळे वजीराकडे बघत होते. पोटचा पोरगा आणि संघाचा पहिला गडी, दोन्ही तोच होता.

"मग तू यांच्यात जा," ती म्हणाली. "रुवीत राहणाऱ्या, नोकरीवाल्या सगळ्यांनी जा. अर्धं मन इकडे आणि अर्धं तिकडे ठेवू नका, दोन्हीकडे पकड सुटेल. तिकडून खेळा, नीट खेळा. आणि आमच्याविरुद्ध आलात तर आमची कीव करू नका."

बाळकृष्णांनी झैनच्या पाठीवर हात ठेवला. ताबिश डोळे पुसत म्हणाला, "चाची, मग ही माती आपण ट्रकमध्ये भरून नेऊ. Seventeen years ची माती. भावना आहेत त्यात."

"भावना नाय, भुसा हाय त्यात," वजीरा म्हणाली. "तिकडे जमीन नाय का? हात न्या."

हे बोलणं सोपं होतं, करणं गेलं जड. नोव्हेंबरात बाजाराजवळच्या एका खजुराच्या शेताच्या मालकाने कडेची पडीक जागा दिली. दर शुक्रवारी पहाटे महमूदच्या पिकअपमधून वजीरा जायची. नवरा गाळ्यावर, ती जमिनीवर. आशुतोषने पहिल्याच शुक्रवारी बावीस पोरं उभी केली. त्यांनी खणलं, चाळलं, चोपलं. आठ दिवसांनी येऊन बघते तर सगळी जमीन पापडासारखी फुगून तडकलेली, वर पांढरी खार. दुसऱ्यांदा केलं, दुसऱ्यांदा तेच. पोरं तोंडं पाडून उभी. ताबिशने फोनवर विचारलं, "जुनी माती आणू का?" तिने फोन ठेवून दिला. तिला पहिल्यांदाच भीती वाटली की त्या रिकाम्या शेडमागे त्रेसष्ट माणसांसमोर आपण तोंड जरा जास्तच चालवलं.

तिसऱ्या खेपेला शेतमालकाची म्हातारी आई काठी टेकत आली. बायका जमीन खणताना तिने बघितल्या असाव्यात, पण परदेशी बाई खणताना पहिल्यांदाच बघत होती. बराच वेळ उभी राहिली. मग काठीने खारट माती ढकलली, "ला, ला," नाही, नाही, म्हणाली आणि काठी लांब वादीच्या, कोरड्या नदीच्या, काठाकडे रोखली. वजीरा तिच्यामागून चालत गेली. तिथे पुराने आणून टाकलेला तपकिरी गाळ होता, साबणासारखा मऊ. वजीराने चिमूटभर ओला करून बोटांत दाबला. तो बोटाला धरून राहिला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. अरबी तिला बाजारापुरतंच येत होतं, पण त्या घटकेला त्याहून जास्त लागलंच नाही. म्हातारीने मूठ वळून हवेत दोनदा ठोकून दाखवलं, असं, असं. तिच्याकडेही कधीतरी अंगण होतं.

हातभर खारी माती उपसून काढली, गाळ भरला, पाणी मारलं, चोपलं. जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी त्यावर पहिला सामना ठरला, खाडीपट्टा विरुद्ध मस्कत महाराष्ट्र. पाच संघांचं मिळून झालेलं ते सगळ्यात बळकट पथक होतं, सगळे एका जर्सीत. खाडीपट्ट्याकडे कोल्ड स्टोरेजची पोरं. त्यांतल्या चौघांनी आयुष्यात नोव्हेंबरपर्यंत कबड्डी नुसती पाहिली होती. बघायला मात्र कॅम्पांतून दोनशे माणसं आली, ट्रकच्या टपांवर बसली. शेतमालकाच्या आईला खुर्ची दिली होती. महमूद आजूबाजूच्यांना, कुणी विचारलं नसताना, सांगत होता की गाळ दीड फुटाचा आहे.

खाडीपट्टा हरला. फार नाही, सहा गुणांनी. दोन लोण चढले आणि एक त्यांनी फेडला. पण शेवटच्या पाच मिनिटांत झैन चढाईला आला तेव्हा आशुतोषने त्याचा घोटा धरला, दुसऱ्याने कंबर, आणि तिघे मिळून धाडकन खाली आले. टपांवरून आरोळी उठली. झैन मध्यरेषेपासून वीतभर अलीकडे पालथा पडला होता. वजीरा उभी राहिली. तो उठला, कोपरं झटकली. दोन्ही कोपरांना नुसती माती होती.

सामना संपल्यावर तो धापा टाकत तिच्याकडे आला. "अम्मी, ही तुझी पोरं माणसं नाहीत. फ्रीजरमधून काढून आणलीस का?"

"तू दम आधीच सोडलास," वजीरा म्हणाली. "वाकलास तेव्हाच. रेषेकडे हात टाकायचा सोडून आशुतोषकडे बघत राहिलास."

"तुला तिथून दिसलं?"

"मला पायांवरून दिसतं."

बाळकृष्ण पाणी पीत जवळ आले. वजीरा त्यांना म्हणाली, "बाळकृष्णभाऊ, तुमचा हा पहिला गडी बरा हाय. कुणाचा?"

बाळकृष्णांनी चेहरा सरळ ठेवला. "ऐकलंय की बरकाच्या खळेवाल्या चाचीचा आहे. घरात मातीवरच वाढला म्हणतात." मग ते खाली बसले, मुठीने जमीन दाबून बघितली. "वहिनी, खरं सांगतो, मॅटवर पडलं की पोरांची कातडी भाजते. आम्हाला असं एक करून द्याल?"

"करून देत नाय," वजीरा म्हणाली. "शिकवते. शुक्रवारी सहा माणसं पाठवा, सकाळी आठला. चोपणी त्यांनी आपापली आणायची."

"सहा पुरतील?"

वजीराचं लक्ष तोवर डाव्या कोपऱ्याकडे गेलं होतं. तिघे जिथे एकदम पडले होते तिथे वरची माती सरकून खालचा थर उघडा पडला होता, पण फुटला नव्हता. ती चपला काढून आत गेली, टाच दाबून दोनदा फिरवली, आणि तिथूनच आशुतोषला हाक मारली, "इकडे ये. हे बघ. फुटलं नाय. हे तुम्ही केलंय."